मोतीबिंदूनंतर कोणतं भिंग? चष्मा कुठे चालेल ते आधी ठरवा

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातलं धुरकटलेलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. तिची तारीख ठरली की "सगळ्यात चांगली लेन्स कोणती?" असं विचारलं जातं. मी आधी विचारीन: कोणत्या कामाला चष्मा लावायची तुमची तयारी आहे? कारण तरुण डोळ्यासारखं लांबून जवळ फोकस बदलणारं काम १९४९ मध्ये लंडनला नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडली यांनी बसवलेल्या पहिल्या कृत्रिम भिंगालाही जमत नव्हतं, आणि आजच्या नेहमीच्या भिंगांनाही जमत नाही. प्रत्येक भिंग काही देतं, त्या बदल्यात काही घेतं.

मोनोफोकल सगळा प्रकाश एकाच अंतरावर आणतं. लांबचं ठेवलं तर रस्ता, पाट्या, समोरचे चेहरे स्वच्छ दिसतात. वाचायला मात्र चाळिशी लागतेच. तरीही अंधुक उजेडात फिकट गोष्टी वेगळ्या ओळखण्यात हेच भिंग सरस ठरतं. ते स्वस्त असतं म्हणून कमअस्सल समजलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

ट्रायफोकल तोच प्रकाश लांबचं, साधारण ६० ते ८० सेंमीवरचं आणि ४० सेंमीच्या आसपासचं, असा तिघांत वाटतं. बरेच जण फोन, संगणक, पुस्तक सगळं चष्म्याविना सांभाळतात, आणि ते सुख खरं आहे. पण वाटून दिलेला प्रकाश प्रत्येक अंतराला कमीच पडणार. म्हणून मंद उजेडात अक्षरं फिकी वाटतात आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. मेंदू सरावला की बहुतेकांना त्यांचा त्रास कमी जाणवतो, पण त्याला काही महिने जातात. सगळ्यांचं तसं होतंच असंही नाही. रात्री गाडी चालवणं हेच ज्यांचं पोट आहे, त्यांना मी हे भिंग सुचवणार नाही.

ईडॉफ या दोहोंच्या मधलं. ते फोकस लांबवतं, त्यामुळे लांबचं आणि संगणकाच्या अंतरावरचं चांगलं दिसतं. बारीक अक्षरांना बहुधा हलका चष्मा लागतो. वलयं सहसा ट्रायफोकलपेक्षा कमी. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्याने याचा विचार जरूर करावा.

टोरिक हा या तिघांना पर्याय नाही. बुबुळाच्या असमान वक्रतेमुळे आलेला सिलिंडर नंबर घालवण्याची ती सोय आहे, आणि ती तिन्ही प्रकारांत मिळते. नंबर बऱ्यापैकी असेल तर ती घ्याच, फक्त भिंग नेमक्या कोनात बसायला हवं. १० अंश फिरलं तर जवळजवळ एक तृतीयांश फायदा जातो, ३० अंशांवर काहीच उरत नाही.

आणखी एक मार्ग फारसा कुणी सांगत नाही: दोन्हीकडे मोनोफोकल, पण एक डोळा लांबला आणि दुसरा थोडा जवळला. कॉन्टॅक्ट लेन्स लावून हा प्रयोग आधी करून बघता येतो, अर्थात मोतीबिंदू फार दाट नसेल तर.

दृष्टिपटलाच्या मध्यभागी आजार असेल किंवा काचबिंदू वाढलेला असेल, तर प्रकाश वाटणारं भिंग सहसा टाळतात. अशा डोळ्याला फिकट आणि गडद यांतला फरक आधीच कमी कळतो. कोरडेपणावर मोजमापाआधीच उपचार करून घ्या, नाहीतर नंबरच चुकतो. पूर्वी लेझरने नंबर काढला असेल तर तेही आवर्जून सांगा.

दोन्ही डोळे करायचे असतील तर पहिल्याचा अनुभव घेऊन मग दुसऱ्याचं ठरवायला वेळ मागा. भिंग बदलता येतं, पण जितका उशीर तितकं ते अवघड, आणि भिंगामागचं पातळ आवरण धूसर झालं म्हणून लेझरने उघडल्यावर तर जास्तच.