स्नॅपशॉट घेईल कोणीही, पुसायचा कोणी? बटरएफएस, स्नॅपर आणि झेडएफएस

बेळगावच्या शहापुरातल्या एका डीटीपीवाल्यांचा सर्व्हर मी सांभाळतो. पाच ऑपरेटर, पाच विंडोज मशीन आणि मागच्या खोलीत एक लिनक्सची पेटी. लग्नसराईत तिथं एकाच पत्रिकेवर दोघांचे हात फिरतात. मुलगी गोकाकची, म्हणून एक बाजू कन्नड, नुडी या सॉफ्टवेअरमध्ये. मुलगा चंदगडचा, म्हणून दुसरी मराठी, श्री-लिपीत. एका मे महिन्यात मराठी बाजूवाल्यानं जुनी कॉपी उघडून त्याच नावानं सेव्ह केली आणि कन्नड बाजूचं दोन तासांचं काम गेलं. दुकानातल्या वैनींचा फोन आला, "दादा, सकाळची फाइल मिळंल काय हो? पार्टी दारात बसलीय."

फाइल होती. पण ती होती स्नॅपशॉटमध्ये, म्हणजे फोल्डर त्या क्षणी जसं होतं तशा जपलेल्या प्रतीत, आणि तिथं जायचा हक्क फक्त रूटला, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्याला. रूट म्हणजे मी, खानापुरात. पोचायला तास गेला. पार्टी चहा पिऊन पिऊन कंटाळली.

तेव्हापासून साध्या यूझरच्या हातात स्नॅपशॉट द्यायचे तीन रस्ते मी वापरून पाहिलेत. कोणाला स्नॅपशॉट घेता येतो, हे बघून लोक निवड करतात. माझा सल्ला, आधी दोन गोष्टी विचारा: पुसायचा हक्क कोणाला, आणि डिस्क भरली तर कोणाच्या वाट्यातली.

पहिला रस्ता नुसत्या बटरएफएसचा. ही फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडायची व्यवस्था, २००९ पासून कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात आहे आणि फेडोरा वर्कस्टेशन २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून तीच देते, म्हणजे कदाचित तुमच्या लॅपटॉपवर आधीच असेल. इथं सबव्हॉल्यूम, म्हणजे ज्याचा वेगळा स्नॅपशॉट घेता येतो असं फोल्डर, तयार करायला रूट लागतच नाही. ज्या फोल्डरमध्ये लिहिता येतं तिथं कोणीही करू शकतो. स्नॅपशॉटही घेता येतो, फक्त मूळ सबव्हॉल्यूम तुमच्या मालकीचं हवं.

गंमत पुढे आहे. घेतलेला स्नॅपशॉट डिलीट करायला गेलात की उत्तर येतं, परवानगी नाही. घरात सामान आणायला सगळ्यांना मुभा, बाहेर टाकायला फक्त मालकाला. एका पोरानं हौसेनं दर दहा मिनिटांनी स्नॅपशॉट घेणारी स्क्रिप्ट लावली होती. दोन दिवसांत जवळजवळ तीनशे झाले आणि त्याला एकही काढता येईना.

यावर माउंट करतानाचा, म्हणजे डिस्क सिस्टिमला जोडतानाचा, एक पर्याय आहे: यूझर_सबव्हॉल_आरएम_अलाउड. एफएसटॅब या माउंटच्या यादीच्या फाइलीत तो घातला की यूझर स्वतः डिलीट करू शकतो. मग तो मुळातच चालू का नाही? कारण डिलीट करणाऱ्याला त्या सबव्हॉल्यूमच्या माथ्यावर आणि ते ज्या फोल्डरमध्ये आहे तिथं लिहिण्याचा हक्क असला की भागतं. आतल्या फाइल्स कोणाच्या, हे कोणी बघत नाही. आरएम या पुसायच्या साध्या कमांडनं दुसऱ्याचं भरलेलं फोल्डर उडवता येत नाही, ते अडतं. इथं मात्र एका फटक्यात सगळं जातं. एकट्याच्या लॅपटॉपवर ही भीती नाही. पाच जणांचं समाईक फोल्डर असेल तर मी हा पर्याय घालणार नाही.

कर्नल ४.१८ पासून, म्हणजे २०१८ पासून, आडवाटही आहे. रिकामं सबव्हॉल्यूम आता साध्या फोल्डरसारखं आरएमडिरनं निघतं, त्यामुळे आरएमला आर जोडून आतलं सगळं पुसत गेलात की शेवटी तेही जातं. वेळ लागतो, कारण फाइल एकेक करून पुसली जाते. आणि स्नॅपशॉट रीड-ओन्ली असेल तर आधी त्याचा तो गुण ज्याचा स्नॅपशॉट आहे त्या यूझरनं काढावा लागतो. म्हणजे माउंटला हात न लावताही यूझर आपला पसारा आवरू शकतो, पण सवड काढूनच.

समाईक कामाला नुसतं बटरएफएस मला आणखी एका कारणानं नको वाटतं. 'कामं' नावाचं फोल्डर मालकांच्या खात्यावर आहे, म्हणून स्नॅपशॉट फक्त मालकच घेऊ शकतात. ज्यांना गरज आहे ते पाचही जण बाहेर. शिवाय जागेची मर्यादा घालायची तर तेही रूटचंच काम.

दुसरा रस्ता स्नॅपरचा. हे सुसेच्या लोकांचं साधन. खालची फाइलसिस्टिम तीच, पण वर रूटच्या हक्कानं चालणारा एक कारभारी बसतो आणि यूझर त्याच्याकडे मागणी करतो. कॉन्फिग फाइलमध्ये अलाऊ_यूझर्सच्या ओळीत नावं लिहायची, सिंक_एसीएल चालू करायचं, एवढंच. सिंक_एसीएल विसरलात तर यूझरला यादी दिसते, पण डॉट स्नॅपशॉट्स या फोल्डरच्या आत जाता येत नाही. माझा एक अख्खा रविवार यात गेलाय. दर तासाला स्नॅपशॉट, किती ठेवायचे त्याचे आकडे आणि जुने आपोआप काढणं, हेही यातच आहे.

स्नॅपरमधली खोट अशी की परवानगी अख्ख्या कॉन्फिगला मिळते, एकेका स्नॅपशॉटला नाही. यादीत ज्याचं नाव, तो दुसऱ्यानं घेतलेला स्नॅपशॉटही डिलीट करू शकतो. शहापुरात ही अडचण आपोआप सुटली, कारण ऑपरेटरांना सर्व्हरवर लॉगिनच नाही. ते येतात सांबातून, म्हणजे लिनक्सवरची फोल्डरं विंडोजला दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून. सांबाला स्नॅपरचं एक मॉड्यूल आहे, ते लावलं की विंडोजमध्ये फाइलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'प्रीव्हियस व्हर्जन्स' दिसतात, तारीख-वेळेसकट. वैनी आता सकाळी अकराची पत्रिका स्वतः उघडतात आणि डेस्कटॉपवर कॉपी करून घेतात. कमांड शिकवायची गरज पडली नाही. पुसण्याचं बटण त्यांच्यासमोर येतच नाही.

जागेचं मात्र बघा. स्नॅपशॉट घेताना जवळजवळ काही लागत नाही, हे खरं. पण फ्लेक्सची ३०० एमबीची फाइल सेव्ह केली की सॉफ्टवेअर बहुतेक वेळा ती सगळी नव्यानं लिहितं, आणि जुनी स्नॅपशॉटनं धरून ठेवलेली असते. दिवसभरात दहा तास, दर तासाला बदल, म्हणजे एका फ्लेक्सचे तीन जीबी. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात मंडळांचे फ्लेक्स सुरू झाले की मी तासाचे स्नॅपशॉट कमी ठेवतो. आणि पुसल्या पुसल्या जागा सुटली नाही म्हणून घाबरू नका. बटरएफएस ती मागून सावकाश मोकळी करतं.

अजून एक खड्डा, दोन्ही रस्त्यांवरचा. स्नॅपशॉट आत असलेल्या सबव्हॉल्यूममध्ये उतरत नाही. यूझरनं आपल्या फोल्डरात नवं सबव्हॉल्यूम केलं आणि त्यात काम ठेवलं, तर बाहेरच्या स्नॅपशॉटमध्ये त्या जागी रिकामं फोल्डर मिळतं. यूझरला सबव्हॉल्यूम करू देणार असाल तर ही गोष्ट त्याला आधी सांगा.

तिसरा झेडएफएसचा, ही वेगळीच फाइलसिस्टिम. परवानग्यांच्या बाबतीत हाच सगळ्यात शहाणा. 'झेडएफएस अलाऊ' या कमांडनं एखाद्या यूझरला एखाद्या डेटासेटवर (झेडएफएसमधला सबव्हॉल्यूमसारखा भाग) फक्त स्नॅपशॉट घेण्याचा हक्क देता येतो, पुसण्याचा राखून ठेवता येतो. मी सुरुवातीला विचारलेला पहिला प्रश्न इथं एका ओळीत सुटतो. दुसराही: डेटासेटवर कोटा घातला की त्याचे स्नॅपशॉट त्याच कोट्यात मोजले जातात, म्हणजे जो हावरटपणा करील त्याचीच जागा संपेल. स्नॅपशॉट किती असावेत यालाही मर्यादा घालता येते. जुन्या फाइल्स डॉट झेडएफएस फोल्डरात वाचता येतात.

पण लिनक्सवर माउंटचा हक्क असा दिला तरी तो नावापुरताच, कारण तिथं प्रत्यक्ष माउंट रूटच करतो. त्यामुळे यूझरनं नवा डेटासेट केला तरी तो जोडायला कोणीतरी लागतं. पुसण्याची परवानगी द्यायचीच ठरली तर डिस्ट्रॉयसोबत माउंटही द्यावं लागतं, आणि तीच डिस्ट्रॉय डेटासेटलाही लागू असते, म्हणून मी ती देत नाही. शिवाय लायसन्समुळे झेडएफएस मूळ कर्नलमध्ये नाही. कर्नल पुढे गेला आणि मॉड्यूल मागे राहिलं, तर सकाळी पूल, म्हणजे झेडएफएसच्या डिस्कांचा साठा, सापडत नाही. जिथं कर्नल अपडेटवर नजर ठेवणारा माणूस रोज हजर आहे, अशा कॉलेजच्या लॅबला किंवा उद्यमबागेतल्या डिझाइन ऑफिसला मी झेडएफएसच सांगेन. आठवड्यातून एकदा येणाऱ्या माझ्यासारख्याच्या भरवशावर नको.

सुडोच्या, म्हणजे ठरावीक कमांड रूटच्या हक्कानं चालवू देणाऱ्या, यादीत चार कमांड लिहून देणं हाही एक रस्ता म्हणतात. पण कमांडमधल्या पाथमध्ये 'काहीही चालेल' असा स्टार टाकलात की दार उघडंच राहतं. मी तो सोडून दिला.

तुम्ही एकटे आहात, प्रोग्रॅमिंग करता, लॅपटॉपवर फेडोरा आहे? नुसतं बटरएफएस घ्या, माउंटचा तो पर्याय घाला, बाकी काही लावू नका. दुकान किंवा छोटं ऑफिस असेल तर स्नॅपर आणि सांबा.

स्नॅपशॉट दुसऱ्या डिस्कवर न्यायचा झाला तर झेडएफएसमध्ये सेंडचा हक्कही यूझरला देता येतो; बटरएफएसमध्ये सेंड रूटचंच. शहापुरात त्यासाठी रूटचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावलाय, शनिवारी रात्री नऊला. शटर अर्धं ओढून वैनी यूएसबी डिस्क जोडतात, निळा दिवा लागला की मला मिस्ड कॉल देतात, आणि सोमवारी आल्यावर डिस्क काढून घरी नेतात.