दहावीचं गणित: गाईड, ॲप की क्लास?

जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालून होत नाहीत तोच सोसायटीत विचारणा सुरू होते, गणिताला क्लास कुठला लावलात? माझी लेक गेल्या वर्षी दहावी झाली. आमच्याकडे तिन्ही प्रकार झाले: गाईड, मोबाईलवरचं ॲप आणि चार महिने क्लास. तिन्हींचा उपयोग झाला, पण वेगवेगळ्या ठिकाणी.

बोर्डाचे पेपर दोन. भाग १ बीजगणित, भाग २ भूमिती, प्रत्येकी ४० गुण. त्रिकोणमिती भूमितीच्या पेपरात येते.

बीजगणिताला ॲप बरं, पण जपून. गृहपाठात होतं: क्ष² + ८क्ष − ४८ = ०, पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा. (पुस्तकात एक्स असतो, माझा हात जुन्या सवयीने क्षकडे जातो.) ॲपने फोटो घेतला आणि अवयव पाडून मोकळं झालं. ४ आणि −१२, उत्तर अगदी बरोबर. पण हवी होती (क्ष + ४)² = ६४ ही पायरी; पद्धत सांगितलेली असताना दुसरीच वापरली तर गुण जाणारच. क्रेमरच्या पद्धतीचंही (निश्चयक मांडून दोन समीकरणं सोडवायची रीत) तेच. नुसतं उत्तर हवं असेल तर ते बालभारतीच्या पुस्तकात मागे असतंच. ॲप कामाला आलं ते चूक शोधायला. लेकीने ६४ चं वर्गमूळ फक्त ८ धरलं होतं, −८ विसरली, त्यामुळे एक मूळ गायब. स्वतः सोडवून मग ताडून पाहिलं, म्हणून ते दिसलं.

गाईड सगळ्यात स्वस्त आणि भूमितीत सगळ्यात घातक. सिद्धता पाठ होते, कंसातल्या कारणांसकट. मग परीक्षेत आकृतीतली अक्षरं बदलली की पोर गडबडतं. पक्ष (काय दिलंय) आणि साध्य (काय सिद्ध करायचंय) तिने स्वतः लिहिलं आहे का, एवढं बघा. वर्तुळाच्या प्रकरणाला मात्र जिओजेब्रा हे आकृत्या काढायचं ॲप वापरून पाहाच, फुकट आहे. वर्तुळावरचा बिंदू बोटाने सरकवायचा. तो त्याच वर्तुळकंसावर आहे तोवर कोन तसूभर हलत नाही. ‘एकाच कंसात अंतर्लिखित झालेले सर्व कोन एकरूप असतात’ हे फळ्यावरून तिला कधी पटलं नव्हतं.

खरा पेच त्रिकोणमितीत. ९० मीटर उंचीचं दीपगृह, वरून खाली बघताना जहाजाचा अवनत कोन ६०°. जहाज किती दूर? लेकीने ६०° दीपगृहाच्या उभ्या रेषेपासून घेतला आणि उत्तर आलं सुमारे १५६ मीटर. कोन मोजायचा असतो डोळ्यासमोरच्या आडव्या रेषेपासून, मग येतात ३०√३, म्हणजे जवळपास ५२. आकडेमोडीत काहीच चूक नव्हती, आकृतीच चुकली होती. गाईडमध्ये आकृती तयारच मिळते, त्यामुळे ही चूक घरी कधी होतच नाही, थेट पेपरात होते. इथे शेजारी बसून ‘हा कोन इथे का काढलास गं?’ असं विचारणारं माणूस लागतं.

ते माणूस क्लासमध्ये मिळेलच असं नाही. आमच्या क्लासात एका बॅचला पन्नासेक मुलं, वही कोणी उघडूनही बघत नव्हतं. शेवटी आम्ही बंद केला. मग ओळखीतल्या एक निवृत्त शिक्षिका रविवारी तासभर फक्त भूमितीची वही बघायच्या. तेवढं पुरलं. तेव्हा क्लास लावायचाच असेल तर फी विचारण्याआधी वह्या कोण तपासतं ते विचारा. आणि बीजगणितासाठी लावणार असाल, तर सहामाहीपर्यंत थांबून बघा.