महाराष्ट्रात गोल्फ खेळून बघितलं: चौदा महिन्यांचा अनुभव

मी मूळचा नाशिकचा. आमच्याकडे भर शहरात ‘गोल्फ क्लब मैदान’ आहे. पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असं लिहिलेलं असलं तरी रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगावं लागतं. तिथे रणजीचे सामने बघितले, वडिलांबरोबर पहाटे फेऱ्या मारल्या, पण गोल्फ खेळणारा माणूस जन्मात दिसला नाही. त्यामुळे हा खेळ म्हणजे नाव मागे ठेवून साहेब निघून गेला, एवढीच माझी समजूत होती. ४६व्या वर्षी डॉक्टरांनी ‘चाला’ म्हणून सांगितलं, नुसतं चालायचा कंटाळा आला आणि खारघरला राहत असल्यामुळे एका मित्रानं डोंगराकडच्या मैदानावर ओढत नेलं. आज चौदा महिने झाले. कुणी सुरू करायच्या विचारात असेल तर हे वाचून मग पैसे घालावेत.

आधी सामानाचं. काठ्यांचा जुना सेट ऑनलाइन घेतला, आणि विकणाऱ्यानं फसवलं. तिसऱ्याच आठवड्यात पाच नंबरच्या आयर्नचं, म्हणजे धातूच्या पात्याच्या काठीचं, डोकं दांड्यातून सुटून चेंडूपेक्षा लांब गेलं. नियमानं बॅगेत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात, म्हणून नवशिका १४च्या १४ विकत घेतो. पहिले सहा महिने मला खरोखर लागल्या त्या तीन: सात नंबरचं आयर्न, जवळून चेंडू उंच उडवायचा पिचिंग वेज आणि शेवटी चेंडू होलात, म्हणजे खड्ड्यात, ढकलायचा पटर. बाकीच्यांना मी फक्त फिरवून आणलं. नवे चेंडू तर अजिबात घेऊ नका. पाण्यातून आणि झुडपांतून काढलेले, धुऊन विकायला ठेवलेले चेंडू मिळतात, ते घ्या. कारण तेही तुम्ही परत त्याच झुडपांत नेऊन ठेवणार आहात. २०१९पासून चेंडू शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात. आपल्याकडच्या गवतात ती कधी संपतात कळत नाही.

आता मैदानांचं. इथेच खरी गोम आहे. मुंबईत गोल्फ क्लब निघाला १८४२ साली, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटण्याच्याही अकरा वर्षं आधी. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लब १९२७चा. महालक्ष्मीजवळ विलिंग्डन, कुलाब्याला समुद्राला लागून लष्कराचं युनायटेड सर्व्हिसेस, पुण्यात येरवड्याला पूना क्लबचं १८ होलांचं, म्हणजे पुऱ्या राउंडचं, मैदान. इतक्या वर्षांचा खेळ, पण साध्या माणसाला या दारांतून आत जायचं तर मेंबर ओळखीचा हवा किंवा मेव्हणा फौजेत हवा. माझा मेव्हणा फौजेत आहे, म्हणून मी हे लिहू शकतो. नसता तर माझं महाराष्ट्रातलं गोल्फ खारघरला सुरू होऊन खारघरलाच संपलं असतं.

खारघरबद्दल मात्र चांगलंच लिहिणार. सिडकोनं पांडवकड्याच्या डोंगरांच्या कुशीत हे मैदान केलं आणि ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. पैसे भरा, खेळा. सुरुवातीला ते ११ होलांचं होतं, त्यामुळे १८चा राउंड करायचा तर काही होल पुन्हा खेळावे लागत. जुन्या क्लबांतले लोक यावर नाक मुरडत. मुरडू देत. माझ्यासारख्याला काठी हातात धरायला जागा मिळाली ती इथे.

पावसाळ्यात हे मैदान बघावं. समोर कड्यावरून पाणी कोसळतंय, ढग खाली उतरलेत, आणि आपण गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. पण खेळ म्हणून पावसाळा अवघड जातो. चेंडू पडतो तिथेच रुततो, घरंगळतच नाही. रुतलेला चेंडू दंड न घेता उचलून शेजारी गुडघ्याच्या उंचीवरून टाकता येतो, हा नियम मला जुलैत पाठ झाला. मेमध्ये जमीन दगडासारखी कडक असताना माझा फटका चांगला वीस-पंचवीस यार्डांनी वाढला होता आणि मी सगळ्यांना सांगतही सुटलो होतो. जून उजाडला आणि कळलं, ती ताकद माझी नव्हती, उन्हाळ्याची होती. हातमोज्याला बुरशी येते, ते वेगळंच. खेळून आल्यावर तो बॅगेत तसाच कोंबू नका, पंख्याखाली वाळत टाका. आणि वीज चमकायला लागली की काठ्या सोडून निमूट निवाऱ्याला जायचं, तिथे हिशोब करत बसायचं नाही.

पुण्याकडचा अनुभव वेगळा. बावधनच्या पुढे डोंगरउतारावर ऑक्सफर्डचं मैदान आहे. तिथे चढउतार इतके की मी दुसऱ्या खेपेला बग्गी, म्हणजे मैदानावर फिरायची छोटी गाडी, घेतली आणि चालण्याचा मूळ उद्देशच बाजूला पडला. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीचं मैदान रात्री दिव्यांखाली खेळता येईल असं बांधलेलं, पण तिथपर्यंत माझी मजल गेली नाही. फौजी मैदानांवर मेव्हण्याबरोबर गेलो तेव्हा एक जुने सुभेदार ‘ब्राउन’बद्दल सांगत बसले. पाण्याची सोय नसेल तिथे होलभोवती गवताऐवजी तेल घातलेली वाळू दाबून बसवायची, तीच तुमची ग्रीन, म्हणजे होलभोवतीची हिरवळ. मला ही कल्पना फार आवडली. २०१६च्या दुष्काळात आयपीएलचे सामने कोर्टानं महाराष्ट्राबाहेर काढले, ते आपण बघितलेलं आहे. गोल्फच्या हिरवळीला किती पाणी लागतं आणि ते कुठून येतं, हे खेळणाऱ्यानं विचारायला लाजू नये. मी प्रत्येक ठिकाणी विचारतो. काही ठिकाणी उत्तर मिळतं, काही ठिकाणी फक्त चहा मिळतो.

एका क्लबात, नाव घेत नाही, मला फाटकावरून परत पाठवलं. टी-शर्टला कॉलर नव्हती. दुसऱ्या एका ठिकाणी कॉलर होती, पण हँडिकॅपचा दाखला नव्हता. हँडिकॅप म्हणजे तुम्ही किती वाईट खेळता याचा अधिकृत आकडा. हल्लीच्या पद्धतीत तो ५४पर्यंत असू शकतो. म्हणजे मी वाईट खेळतो हे सिद्ध करायलाही आधी कुठल्यातरी क्लबात नोंद हवी. ही वर्तुळाकार कोंडी फोडायला मला पाच महिने लागले.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते: कॅडी. बॅग उचलणारा माणूस म्हणून त्याच्याकडे बघाल तर पैसे फुकट गेले समजा. माझे कॅडी साठीला टेकलेले, सगळे त्यांना मामा म्हणतात. पहिल्या दिवशी मी फटका मारून लगेच मान वर केली. चेंडू जेमतेम दहा पावलं गेला. मामा म्हणाले, “साहेब, वर बघायचं काम माझं. तुम्ही खालीच बघा.” सरावाच्या रेंजवरच्या कोचनं तासाला घसघशीत पैसे घेऊन व्हिडिओ काढून, रेषा मारून जे सांगितलं, ते या एका वाक्यात होतं. ग्रीनवर मामा उकिडवे बसतात, गवत कुठे झुकलंय बघतात आणि पायाच्या अंगठ्यानं दाखवतात: इथून. होल सव्वाचार इंचांचा असतो. माझ्या डोळ्याला तो चहाच्या कपाएवढा दिसतो, मामांना परातीएवढा दिसत असावा.

हे लोक रोजंदारीवर असतात. राउंड झाला तर पैसे, पाऊस लागला तर घरी. याच पोरांतून खेळाडूही निघतात. दिल्लीचा अली शेर कॅडीच होता, त्यानं १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला गेला, तोही अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोनं माघार घेतल्यावर अगदी शेवटच्या घटकेला. मामांना हे सगळं तोंडपाठ आहे. त्यांचा स्वतःचा स्कोअर विचारला की मात्र विषय बदलतात.

फायदा काय झाला? १८ होल चाललं की आठ-दहा किलोमीटर सहज होतात, चार-साडेचार तास फोनला हात लागत नाही. साखर आटोक्यात आली. तोटा म्हणाल तर कंबर. फटका मारताना कमरेला पीळ बसतो, आणि चाळिशीनंतर आधी महिनाभर व्यायाम न करता खेळायला उतरलात तर मूव्हच्या ट्यूबचा खर्चही बजेटमध्ये धरा. रविवार जातो, तेही धरा. बायकोनं एकदा सगळ्या पावत्या जोडून सांगितलं की एवढ्यात घराला आतून-बाहेरून रंग झाला असता. हिशोब बरोबर होता, मी फक्त बाहेरचा रंग वजा करून घेतला.

माझा स्कोअर, म्हणजे एका राउंडला लागणारे फटके, अजून शंभराच्या वरच आहे, आणि इथे कमी तेवढं चांगलं. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब फटक्याची काठी, मेव्हण्याच्या गाडीच्या डिकीत पडून आहे. मामांनी दिवाळीपर्यंत त्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलंय.