प्रदर्शनाला काय लावाल: पाच वर्गांचा तक्ता की वंशवृक्ष?

कोकणातल्या शाळांत विज्ञान प्रदर्शन आलं की पृष्ठवंशीय प्राण्यांचा तक्ता ठरलेलाच: मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन. यंदा त्याजागी वंशवृक्ष, म्हणजे कोण कोणाच्या किती जवळचं हे फांद्यांनी दाखवणारं चित्र, लावावा का, या विचारात असलेल्या शिक्षकांसाठी हे.

कवटी आणि पाठीचा कणा ही अट दोन्हीकडे तीच. म्हणजे कुर्ल्या, माकूल, तिसऱ्या बाद; बाजारात त्यांना म्हावरं म्हणोत बापडे.

तक्ता पटकन कळतो आणि परीक्षेला तोच येतो. आंबोलीचा देवगांडूळ दिसतो गांडुळासारखा, पण तक्त्यात तो उभयचर आणि वृक्षातही बेडकांच्याच फांदीवर. इथे भांडण नाही.

भांडण मुशीपासून, म्हणजे शार्कपासून सुरू होतं. तक्ता कल्ले आणि पर बघून मुशी नि सुरमई दोघींना 'मत्स्य'मध्ये बसवतो. पण ती फार जुनी लक्षणं. त्यांवरून जवळचं नातं ठरत नाही. जर्मन कीटकतज्ज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये मांडलेला नियम असा, की नातं जोडायचं ते सामाईक पूर्वजात नव्याने आलेल्या लक्षणांवरून, आणि गटात त्या पूर्वजाचे झाडून सगळे वंशज हवेत. मुशीचा सांगाडा कूर्चेचा, सुरमईचा आपल्यासारखा हाडांचा. वंशवृक्षात सुरमई मुशीपेक्षा आपल्याला जवळची. मग आपल्याला वगळून केलेला 'मत्स्य' हा गट तिथे टिकत नाही.

सरीसृपांचंही तेच. वाशिष्ठीतली मगर पालीपेक्षा समुद्र गरुडाच्या जवळची. दोघांचं हृदय चार कप्प्यांचं, हे मुलांना लगेच पटतं. पण नुसत्या हृदयावर विसंबू नका, सस्तनांचंही चार कप्प्यांचंच आहे आणि ते स्वतंत्रपणे घडलं. म्हणून हाडं, जीवाश्म, डीएनए असे अनेक पुरावे एकत्र बघावे लागतात.

'तक्ता पक्का, वृक्ष सारखा बदलतो' ही तक्रार मला पटत नाही. प्राण्यांची वर्गवारी करणारा स्वीडिश निसर्गतज्ज्ञ लिनियस, त्याने आपल्या 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथात १७३५ मध्ये देवमासे माशांत घातले, १७५८ च्या आवृत्तीत सस्तनांत नेले. आणि त्याच आवृत्तीत मुशीचे जातभाई चक्क उभयचरांत टाकले!

वर्गात पाठांतरासाठी तक्ता राहू द्या. प्रदर्शनात मात्र वृक्षच लावा, शेजारी समजावून सांगणारा एक विद्यार्थी उभा करून. सातच प्राणी पुरेत: मुशी, सुरमई, बेडूक, पाल, मगर, समुद्र गरुड, माणूस. माणसाला शेवटच्या टोकाला काढू नका, लोक त्याची शिडी करून वाचतात. फांद्या सांध्यापाशी फिरवल्या तरी नातं बदलत नाही, तेव्हा त्याला खुशाल बेडूक आणि पालीच्या मध्ये बसवा.