मीटर वाजलं आणि मी साडेनऊ हजार मोजले

मी घरी डीटीपीचं काम करते. ऐन लग्नसराईत, चार पत्रिका अर्धवट असताना लॅपटॉप बंद पडला. अडॅप्टरची पिन लावली की अडॅप्टरवरचा दिवा विझायचा, काढली की थोड्या वेळाने परत लागायचा. हे लक्षण ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

सोलापुरातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या दुकानात नेला. तिथल्या माणसाने माझ्यासमोरच मागचं झाकण उघडलं, मल्टिमीटर (वीज तपासायचं मीटर) बझरवर, म्हणजे जोड सापडला की आवाज करणाऱ्या सेटिंगवर लावलं, काळी पिन स्क्रूच्या भोकाच्या कडेला धरली आणि लाल पिन प्रोसेसरजवळच्या करड्या चौकोनी कॉइलवर टेकवली. टीं! शेजारच्या कॉइलवर टेकवली, पुन्हा टीं! "ऐकलंत ना ताई? प्रोसेसरच शॉर्ट आहे. मदरबोर्ड बदलावा लागेल." साडेनऊ हजार सांगितले. डोळ्यांदेखत वाजलेल्या मीटरवर अविश्वास कसा दाखवायचा? मी हो म्हटलं.

दोन दिवसांनी लॅपटॉप चालू होऊन मिळाला. जुना बोर्ड मागितला तर तो एक्स्चेंजमध्ये गेला म्हणाले. पावतीवर नुसतं 'लॅपटॉप सर्व्हिस'.

चार महिन्यांनी पंखा घरघरायला लागला, म्हणून भाच्याच्या ओळखीच्या एका मुलाकडे गेले. पुण्याच्या तपकीर गल्लीत काम शिकून आलाय, एका खोलीत टेबल टाकून बसतो. झाकण उघडल्या उघडल्या त्याने विचारलं, "मावशी, यातला कपॅसिटर कुणी काढला?" त्याने भिंग माझ्या हातात दिलं. तिळाएवढ्या तपकिरी तुकड्यांची, म्हणजे वीज साठवणाऱ्या कपॅसिटरांची, ओळ होती आणि मधली एक जागा रिकामी. तिथे सोल्डरचे दोन चकचकीत ठिपके, भोवती फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरिंगला लावतात त्या रसायनाचा, पिवळट डाग.

मी म्हटलं, अरे, हा बोर्ड तर नवा टाकलाय. भाच्याने गेल्या वर्षी रॅम वाढवताना आतला फोटो काढला होता, तो मागवला. बोर्डवरच्या बारकोडखालचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला, म्हणजे बोर्ड बदललाच नव्हता. फरक एवढाच, की फोटोत ती जागा भरलेली होती. माझ्या अंगाला कापरं भरलं. दोन महिन्यांची कमाई होती ती.

मग त्याने अडॅप्टर काढला, बॅटरीची वायर सोडवली आणि माझ्या त्याच धडधाकट लॅपटॉपच्या त्याच कॉइलवर मीटर लावलं. टीं! चालू लॅपटॉपचंही वाजतं. बझर साधारण 30 ते 50 ओहमच्या खाली काहीही आलं की वाजतो, मीटर बदललं की हा आकडाही बदलतो. आणि प्रोसेसर जेमतेम एका व्होल्टवर भरपूर करंट ओढतो, त्यामुळे त्याला वीज पुरवणाऱ्या लाइनवर रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) मुळातच कमी. त्याने नॉब ओहमवर फिरवला, तेव्हा 3.2 दिसले. काही बोर्डांवर याहूनही कमी येतात, तरी ते ठणठणीत असतात. कॉइलच्या दोन टोकांना पिना लावल्या तरी आवाज येतोच, कारण कॉइल म्हणजे शेवटी तारच.

माझ्या लॅपटॉपमध्ये खरा शॉर्ट अडॅप्टरकडून येणाऱ्या 19 व्होल्टच्या लाइनवर होता. दिवा विझत होता तो त्याचमुळे. या लाइनवर चांगल्या बोर्डला किलोओहममध्ये आकडा यायला हवा, एक-दोन ओहम आले तर शॉर्ट. एका लाइनवरचे सगळे कपॅसिटर समांतर जोडलेले असतात, म्हणून एक चिरला की प्रत्येकावर मीटर वाजतं. त्यातला नेमका कोणता, हे नुसत्या बझरने कळत नाही. तो कसा शोधायचा, हे त्याने मला दुसऱ्या एका बंद बोर्डवर करून दाखवलं. टेबलावरच्या पॉवर सप्लायवरून जेमतेम एक व्होल्ट त्या लाइनवर सोडला, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं. सगळीकडे ओलं असताना एकाच तुकड्यावरचं अल्कोहोल भराभर उडालं. तोच गरम होत होता. तो उचलला, मीटर गप्प झालं. दहा-वीस रुपयांचाही भाग नाही. काम कौशल्याचं आहे, त्याचे हजार-बाराशे मी आनंदाने दिले असते.

म्हणून कळकळीने सांगते, कुणी मीटर वाजवून दाखवलं तर ओहमचा आकडा विचारा, आणि तो कोणत्या लाइनवरचा हेही. आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवायला सांगा. तिथे जे 0.2-0.3 ओहम येतात ते वायरींचेच असतात. लॅपटॉप देण्याआधी झाकण उघडलं की बोर्डच्या नंबरचा फोटो काढा. बोर्ड बदलणार असतील तर नवा नंबर पावतीवर लिहून घ्या आणि जुना बोर्ड परत मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

मी भाच्याचा जुना आणि आताचा, असे दोन्ही फोटो घेऊन दुकानात गेले होते. "चालू करून दिला ना?" एवढंच उत्तर मिळालं. परवा 1915 वर, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली. पावतीत काहीच नाही, म्हणून रॅम वाढवतानाचा भाच्याचा तो फोटो जोडलाय.