थर्टीन्थ फ्लोर एलेव्हेटर्सचा पहिला अल्बम: मोनोच घ्या
आधी स्टिरिओ (डाव्या-उजव्या स्पीकरमधून वेगवेगळा आवाज) घेतलेला, मजा नाही आली, मग मोनो (दोन्हीकडून सारखाच आवाज) रेकॉर्ड आणली आणि अक्षरशः अंगावर काटा आला. १९६६ चा अल्बम, टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या पोरांच्या रॉक बँडचा. मागे सतत गुडूगुडू वाजतं ना, तो बँडमधल्या टॉमी हॉलचा इलेक्ट्रिक जग (जग म्हणजे बुधला), त्या बुधल्याच्या तोंडाशी माइक धरून त्यात तोंडानेच आवाज काढायचा तो. आणि गायक रॉकी एरिक्सनची ती किंकाळी! १९६९ मध्ये गांजाच्या एका सिगरेटवरून त्याला पकडलं, तुरुंग टळावा म्हणून वेडाचं कारण पुढे केलं तर मनोरुग्णालयात टाकलं, तेही १९७२ पर्यंत, हे कळल्यापासून तो आवाज ऐकताना पोटात कालवतं. माझ्या रेकॉर्डची दुसरी बाजू जरा खरखरते, तरी घ्याच, आणि स्पीकरवर मोठ्याने लावा.