नदीवरचा नवा पूल, नऊ महिन्यांनंतर: सांधे साफ करा हो!

रुंदी, कठडे, दिवे उत्तम. पुलाला आडवा उतार नीट दिलाय, मुसळधार पावसातही मधे पाणी साचत नाही. हे खरंच सुखद आहे. तक्रार आहे ती सांध्यांची.

दोन गाळ्यांमध्ये, म्हणजे खांब ते खांब अशा पुलाच्या दोन तुकड्यांमध्ये, फट ठेवावीच लागते; तोच सांधा. 40 मीटरचा काँक्रीटचा गाळा तापमानात 25 अंशांचा फरक पडला की साधारण 12 मिलिमीटर लांबतो. फटीच्या दोन्ही कडांना पोलाद, मधे खोलगट रबरी पट्टी. हालचाल होऊ द्यायची पण पाणी खाली सोडायचं नाही, एवढंच तिचं काम. त्याच खोलगट भागात खडी-माती साचते. गारव्यात फट रुंदावते, खडे आत उतरतात; उन्हात ती आवळली की तेच खडे रबर फाडतात किंवा पट्टी खोबणीतून उपटतात. मग पाणी थेट खांबाच्या माथ्यावर, बेअरिंगवर (गाळा ज्यावर टेकतो तो आधार). सळई गंजते, गंज फुगतो, काँक्रीटच्या खपल्या सुटतात.

सफाईला लागतं काय? झाडू, बोथट लाकडी फळी आणि पाण्याचा फवारा. धारदार हत्यार रबराला लावायचं नाही. उलट बेअरिंग बदलायचं तर वाहतूक रोखून अख्खा गाळा जॅकवर उचलावा लागतो. दोन्ही खर्चांची तुलनाच नाही, तरी सांधे मातीने भरलेले पाहून चीड येते.

एक मत मात्र बदललं. पुलावर चढताना बसणारा दणका सांध्याचा नाही. पूल खांबांवर उभा, जोडरस्ता मातीच्या भरावावर; भराव खचतो, पूल खचत नाही, म्हणून तिथे उंबरठा तयार होतो. त्यावर डांबराचा निमुळता थर चालतो, भराव स्थिरावेपर्यंत पुन्हापुन्हा द्यावा लागेल. तो सांध्यावर मात्र ओढू नये. काही दिवसांत तडकतो आणि खालची पट्टी कुणाला दिसतही नाही.

सांध्यावर चाक गेल्यावर लोखंडी खणखणाट आला तर कडेचं पोलाद सुटत असण्याची शक्यता धरा, लगेच कळवा.

गळती ओळखायला पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी खाली जाऊन खांबांचे माथे बघा. ओले ओघळ किंवा चुन्याचे पांढरे पट्टे सांध्याच्या बरोबर खाली असतील तर रबर गेलंय. ओल कडेच्या गर्डरवर (पुलाखालच्या तुळईवर) असेल तर आधी पाणी काढणारा पाइप तपासा: तो तुंबलेला असतो किंवा आखूड.

दुचाकीवाल्यांनी ओल्या पोलादावर ब्रेक दाबू नये, सांधा सरळ ओलांडावा.